कोडाच्या डागावरची गुलाबी छटा

परळच्या केईएमसारख्या रुग्णालयांत कोडाचे रुग्ण काळा चष्मा लावून, चहूबाजूंनी ट्यूब बसवलेल्या उभ्या कपाटात शिरतात. 311 नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा हा उपचार. सुरुवातीला अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवत.

घरी पोहोचेपर्यंत त्वचेवर काहीच दिसत नाही. लाली काही तासांनी उमटते आणि साधारण 12 ते 24 तासांत ऐन भरात येते. पांढऱ्या डागावर फिकट गुलाबी छटा आली की डॉक्टर खूश, मात्रा बरोबर बसली! डाग दुखू लागला किंवा फोड आले, तर पुढची पाळी टाळून मात्रा घटवतात.

बावची या औषधी वनस्पतीतल्या सोरालेन या द्रव्याचे तंत्र निराळे. ते लावून ऊन किंवा अतिनील किरण घेतल्यावरची लाली 2-3 दिवसांनी कळसाला पोहोचते. म्हणून बावचीचे तेल चोपडून गच्चीवर उन्हात बसण्याचा घरगुती उद्योग अंगाशी येतो: भाजल्याचे उशिराच कळते.