हाताबाहेर गेलेल्यांसाठी

आजारी माणूस बरा व्हावा, पाऊस पडावा, पोराला नोकरी लागावी, ही मागणी बहुतेक सगळ्याच धर्मांत असते. ख्रिस्ती भाविक आणखी एक मागतो: अमक्याचे मन पालटू दे. ही मागणी खरी धाडसाची. पाऊस 'नाही' म्हणत नाही, माणूस म्हणतो; आणि ज्याच्यासाठी मागायचे त्याला ते नकोच असते. अशा प्रार्थनांच्या गाजलेल्या कथा वाचताना मला सारखे जाणवते, की मागणी पुरी झाली तरी ती मागणाऱ्याने आखलेल्या वाटेने क्वचितच होते.

पहिल्या मंडळीलाही हे पचायला जड गेले. विश्वासणाऱ्यांना बांधून आणायला निघालेला शौल दिमिष्काच्या वाटेवर पालटला. 'नीट' नावाच्या रस्त्यावरच्या घरी जाऊन त्याच्यावर हात ठेव, असे प्रभूने सांगितले तेव्हा हनन्या नावाच्या शिष्याने चक्क हुज्जत घातली. यरुशलेमेतल्या शिष्यांचाही भरवसा बसेना. बर्णबाला मध्ये पडावे लागले. पेत्र तुरुंगात असताना प्रार्थनेला जमलेल्यांची तर कमालच. पेत्र सुटून दारात उभा, आणि तसे सांगणाऱ्या मोलकरणीलाच आतल्यांनी वेड्यात काढले!

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव मोनिकेचे. ही उत्तर आफ्रिकेतल्या थागास्त गावची बाई. मुलगा ऑगस्टीन, जन्म 354 चा, बुद्धीने तल्लख. पण मानी नावाच्या पंथाच्या नादी लागला तो नऊ वर्षे. मोनिकेने एका बिशपांना गळ घातली, की तुम्ही त्याच्याशी वाद घालून त्याला वळवा. ते स्वतः त्या पंथात वाढलेले. त्यांनी साफ नकार दिला: आता तो कुणाचे ऐकणार नाही, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, तुम्ही प्रार्थना करा. बाई रडत राहिल्या, हटेनात. शेवटी बिशप वैतागून म्हणाले, की जा आता, एवढे अश्रू ज्याच्यासाठी गाळले तो मुलगा वाया जायचा नाही. चर्चमधला सर्वांत प्रसिद्ध दिलासा हा असा वैतागातून आलेला आहे.

383 मध्ये ऑगस्टीनने रोमला जायचे ठरवले. मोनिका कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत मागे आली, सोडीना. मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा सुटला की तो निघेल, अशी थाप मारून त्याने तिला जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकात रात्र काढायला लावली. रात्रभर ती एकच मागत होती, की याचे जहाज सुटू नये. सकाळी जहाज गेलेले होते. पण पुढे मिलानमध्ये त्याला बिशप अँब्रोज भेटले, 386 मध्ये तिथल्याच एका बागेत त्याचे मन पालटले आणि 387 च्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीची प्रार्थना ऐकली गेली असती तर हे मिलान घडले नसते. ऑगस्टीननेही नंतर याच अंगाने त्या रात्रीचा अर्थ लावला आहे.

मोनिकेच्या कौतुकात एक बाई मात्र हरवते. ऑगस्टीनबरोबर सुमारे पंधरा वर्षे राहिलेली, त्याच्या मुलाची आई. चांगल्या घरच्या सोयरिकीच्या आड येऊ नये म्हणून तिला आफ्रिकेला परत धाडले. त्या सोयरिकीत मोनिकेचाच पुढाकार होता. मुलगा बापाकडे राहिला. त्या बाईचे नावसुद्धा ऑगस्टीनने लिहून ठेवलेले नाही.

फ्रान्सची संत, लिझ्यूची तेरेझा, चौदा वर्षांची असताना, 1887 मध्ये, तिने पॅरिसमधल्या तिहेरी खुनाचा आरोपी प्रांझिनी याच्यासाठी प्रार्थना मांडली आणि देवाकडे खूणही मागितली. वडिलांची मनाई असताना तिने वर्तमानपत्र उघडले, तर गिलोटिनखाली जाण्यापूर्वी त्याने तीनदा क्रुसाचे चुंबन घेतले, अशी बातमी होती. तिच्यापुरते ते पुरेसे होते. प्रांझिनीच्या मनात काय झाले, हे तीन चुंबनांवरून सांगायला मी धजत नाही.

इंग्रज खलाशी जॉन न्यूटनकडे बघितले तर सबुरी किती लागते ते कळते. 1748 मध्ये वादळात त्याने देवाचा धावा केला, तिथून त्याचा पालट मोजतात. त्यानंतरही त्याने गुलामांची जहाजे चालवली. समुद्र सोडला 1754 मध्ये, तोही आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली 1788 मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत किती माणसे विकली गेली, याचा हिशेब साक्षीच्या सभांत कुणी मांडत नाही.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. पुढे त्या पतीबरोबर राहू लागल्या तरी सोवळे सांभाळूनच. त्यांचे मन हलले ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच छडा लावला, आणि उत्तर मिळाल्यावर माघार घेतली नाही.

घरातल्या कुणासाठी वर्षानुवर्षे प्रार्थना करणाऱ्यांनी ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'चे पाच ते नऊ हे भाग जरूर वाचावेत. आणि ज्याच्यासाठी प्रार्थना चालते त्या माणसाची बाजू मराठीतच वाचायची असेल, तर लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा काढावे.