एक्स्प्लेनर : पाय लांब, पोटरी भरदार, घोडेस्वारीचे परवडणारे बूट मिळवायचे कसे?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं परभणीकर अभिमानानं आणि थोडं हसत सांगतात. घोडेस्वारीच्या बुटांचा विषय निघाला की या दोन टोकांमधलं अंतर लगेच कळतं. ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत सर्वाधिक पदकं जर्मनीकडे आहेत. तिथल्या बूट कंपन्यांच्या तक्त्यात पावलाच्या एकाच मापासमोर उंचीचे आणि पोटरीच्या घेराचे वेगवेगळे पर्याय असतात. परभणीत चपला-बुटांच्या दुकानात जाऊन 'गुडघ्यापर्यंतचे रायडिंग बूट' मागितले, तर बहुतेक वेळा समोर गमबूट येतात.

मराठवाड्याला घोडा नवा नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात घोड्यांचा बाजार भरतो. दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा बाजार असतो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडमार्गे पंढरपूरला जाते, तिच्यासोबत अश्व असतात. शिवजयंतीच्या मिरवणुकांत स्वार असतात. यात्रेत लगाम, खोगीर, घुंगरू, गोंडे हवे तितके बघायला मिळतात. पण तो सगळा साज घोड्याचा. स्वाराच्या पायात काय आहे, हे कोण बघतो?

मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असा फरक होता. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार घोडा आणि हत्यारं स्वतःची घेऊन यायचा. आज पोलिसांच्या किंवा लष्कराच्या अश्वदलातला जवान एका अर्थी बारगीर. त्याला बूट खात्याकडून मिळतात. शेतावर एखादी मारवाडी घोडी पाळणारा किंवा सुट्टीत पुणे-संभाजीनगरला जाऊन स्वारी शिकणारी मुलगी, हे शिलेदार. खर्च त्यांचा त्यांनाच करावा लागतो. आणि पाय लांब, पोटरी रुंद असेल तर तो वाढतोच.

बूट लागतातच का?

लागतात. कारण दिसण्यापेक्षा रिकिबीत दडलेलं आहे. स्पोर्ट्स शूजला टाच नसते. घोडा बिथरला, तोल गेला, की सपाट तळव्याचा पाय रिकिबीतून आरपार पुढे सरकतो आणि घोट्यापाशी अडकतो. स्वार खाली पडतो, पाय वरच राहतो आणि घोडा पळत राहतो. घोडेस्वारीतला हा सगळ्यात भयानक अपघात. साधारण एक इंचाची टाच पायाला पुढे सरकू देत नाही. तळवाही बराचसा गुळगुळीत हवा, म्हणजे पडताना पाय सहज सुटतो. खोल नक्षीचे ट्रेकिंग शूज आणि गमबूट या दुसऱ्या कारणासाठी नकोत. मिरवणुकीतल्या मोजडीला टाच नसते, तोही धोकाच. आणखी एक माप बघा. रिकिबीची आतली रुंदी बुटाच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा साधारण एक इंच जास्त असावी. कमी असेल तर पाय अडकतो, फार जास्त असेल तर आरपार जातो.

आता महत्त्वाचं. एवढं सगळं काम बुटाचा खालचा भाग करतो. गुडघ्यापर्यंत चढणारी नळी पोटरीला रिकिबीच्या पट्ट्याच्या चिमट्यांपासून आणि खोगिराच्या घासण्यापासून वाचवते, पकड देते. ती हवीच, पण ती बुटालाच जोडलेली हवी असं कुठे आहे? अख्खा खर्च वाचवायची किल्ली या प्रश्नात आहे.

तयार बूट पोटरीवर का अडतात?

कारण तयार बुटाचा साचा पावलावरून वाढतो. पाऊल एका नंबरानं मोठं झालं की नळीची उंची थोडी वाढते, घेरही थोडा वाढतो. कंपनीनं एक 'सरासरी पाय' गृहीत धरलेला असतो. समजा, एखाद्या तरुणीचं पाऊल 39 नंबरचं, पोटरीचा घेर 43 सेंटिमीटर आणि उंची 47 सेंटिमीटर आहे. तिच्या नंबरच्या साध्या बुटाची चेन अर्ध्यावर थांबते. चेन बंद व्हावी म्हणून ती दोन नंबर मोठा बूट घेते, तर पाऊल आत खेळतं. टाच उचलली जाते आणि ज्या सुरक्षेसाठी बूट घेतला तीच जाते. पोटरीसाठी पावलाचा नंबर वाढवणं ही सर्रास होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

उंची कमी पडली तर वेगळाच त्रास. बुटाची वरची कड पोटरीच्या मध्यावर संपली, तर ती खोगिराच्या बाजूच्या चामडी पाळीखाली जाऊन अडकते. दर पाच मिनिटांनी पाय सोडवत बसावं लागतं.

माप घ्यायचं कसं?

ऑनलाइन खरेदीत निम्मी भांडणं इथेच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि परभणीच्या उन्हाळ्यात तर जास्तच. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात, तळवा जमिनीवर टेकलेला. स्वारीला घालणार तीच पँट आणि तेच मोजे अंगावर हवेत. शिंप्याची टेप पोटरीच्या सगळ्यात फुगीर जागी गुंडाळा; आवळू नका, ढिलीही सोडू नका. मग जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत उंची. दोन्ही पाय मोजा आणि मोठं माप धरा. उजव्या-डाव्यात थोडा फरक असतोच. मात्र एकच पोटरी अचानक सुजली असेल, दुखत किंवा गरम लागत असेल, तर बूट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं ते लक्षण असू शकतं.

पँट आणि मोज्यांवरून मोजायचा आग्रह का? इथे दहावीची भूमिती कामाला येते. पायाभोवती कापडाचा थर आला की घेर जाडीच्या 2π पट, म्हणजे सव्वासहा पट वाढतो. पँट आणि मोजा मिळून फक्त 2 मिलिमीटर जाड असले, तरी घेर सव्वा सेंटिमीटरनं वाढतो. उघड्या पायाचं माप पाठवणाऱ्याची चेन नेमकी या सव्वा सेंटिमीटरवर अडते. चामड्यालाही हाच हिशेब लागू. कारागिराला माप देताना 'हा आतला घेर आहे' असं स्पष्ट सांगा.

उंचीतही एक मेख आहे. नवा चामडी बूट वापरात घोट्यापाशी मुडपतो आणि नळी दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते. त्यामुळे नवा बूट गुडघ्यामागे किंचित टोचला तर घाबरू नका. पहिल्या दिवशीच अगदी बरोबर बसणारा बूट महिनाभरात आखूड दिसू लागतो. सिंथेटिक बूट मात्र फारसा मुडपत नाही आणि ताणलाही जात नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सरळ उपाय

बूट आणि नळी वेगळी घ्या. घोट्यापर्यंतचे आखूड बूट, आणि पोटरीवर चेननं बंद होणारे हाफ चॅप्स. आखूड बुटांना जगभर 'जोधपूर बूट' म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. मारवाडात स्वार पोटरीला घट्ट बसणारी विजार घालत. जोधपूरचे सर प्रताप सिंह 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी इंग्लंडला गेले आणि ही विजार तिथे लोकप्रिय झाली. पोटरीचं काम कापडानंच केल्यावर उंच बुटाची गरज उरली नाही. लष्करात तर पोटरीला लांब पट्टी गुंडाळायची पद्धत होती. इंग्रजीतला 'पटी' हा शब्द आपल्याच 'पट्टी'वरून गेला. गुंडाळायच्या पट्टीला घेर 36 काय आणि 46 काय, सारखाच.

हाफ चॅप्स ही त्याच पट्टीची आजची आवृत्ती समजा. पाऊल एका मापाचं, पोटरी दुसऱ्या मापाची, दोन्हींची खरेदी वेगळी. घेर बदलला तर फक्त चॅप्स बदला. बहुतेकांत उभी इलॅस्टिक पट्टी असते. नवे चॅप्स घट्टच घ्यावेत, चामडं थोडं सैलावतं. डेकॅथलॉनचा 'फुगांझा' हा घोडेस्वारीचा ब्रँड भारतात मिळतो. मागवण्याआधी साइटवरचा सेंटिमीटरचा तक्ता बघा, 'एम' किंवा 'एल' या अक्षरांवर जाऊ नका. आखूड बूट तर तुमच्याकडे असूही शकतात. साध्या चामड्याचा, टाच असलेला, जवळपास गुळगुळीत तळव्याचा घोट्यापर्यंतचा बूट शिकण्यापुरता चालतो.

बिलाचंही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18 टक्के. करापूर्वी 2,500 चा बूट 2,625 ला पडतो आणि 2,600 चा 3,068 ला. शंभराच्या फरकाचे 443 होतात. परदेशी बुटांचं गणित तर सुरुवातीलाच फसतं. 2020 च्या अर्थसंकल्पात पादत्राणांवरचं आयात शुल्क 25 वरून 35 टक्के झालं, आणि मुळात चांगल्या चामडी उंच बुटांची किंमत पाच आकडी असते.

स्पर्धांत उतरायचं असेल तर आखूड बूट आणि त्याच रंगाचे गुळगुळीत चामड्याचे चॅप्स अनेक प्रकारांत चालतात. तरी त्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी वाचा.

उंच बूटच हवे असतील तर?

हौसेला मोल नसतं, हेही मान्य. मग तयार बुटाच्या मागे लागण्यापेक्षा मापानं शिवून घेतलेले बरे, आणि त्यासाठी कानपूर. 19 व्या शतकात ब्रिटिश लष्करासाठी तिथे हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली आणि त्याभोवती खोगीर-लगाम शिवणाऱ्यांचं गाव वसत गेलं. कानपूरच्या खोगीर-साजाला जीआय मानांकन आहे आणि तिथला माल युरोप-अमेरिकेत जातो. अनेक कारागीर-कंपन्या थेट ग्राहकाच्या मापानं बूट शिवतात. व्हॉट्सअॅपवर नुसतं 'वाइड काफ' लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं काढलेली पावलाची रेघ पाठवा. घोट्याचा, पोटरीचा आणि गुडघ्याखालचा असे तीन घेर आणि उंची द्या. टाचेची उंची आणि चेन कुठे हवी तेही लिहा. पोटरी म्हणजे काही पाइप नाही, खाली निमुळती होत जाते. एकच घेर दिलात तर घोट्यापाशी बूट पिशवीसारखा लोंबेल. घोट्यापाशी नाड्या असलेला प्रकार उंच पावलाच्या माणसाला सोयीचा, कारण तिथे थोडं कमी-जास्त करता येतं. माप चुकलं तर दुरुस्ती कोण करणार, हे पैसे पाठवण्याआधी लिहून घ्या.

दुसरा मार्ग गावातल्याच कारागिराचा. जुना किंवा सवलतीत मिळालेला बूट पावलाला नीट बसतोय आणि फक्त पोटरीवर अडतोय, तर त्याला कळी घालता येते. ब्लाउजच्या बगलेत शिंपी घालतो तशीच. बूट 39 चा आणि पोटरी 43 ची, म्हणजे वर 4 सेंटिमीटर कमी. शिलाईला दोन्ही बाजूंनी एकेक धरून रुंद इलॅस्टिकचा 6 सेंटिमीटरचा तुकडा, खाली घोट्याकडे निमुळता. कळी पायाच्या बाहेरच्या अंगाला घालायला सांगा. आतल्या बाजूची शिवण खोगिरावर घासते. पायाला फोड येतो आणि घोड्यालाही टोचतं. शिवण मेणाच्या दोऱ्याची दुहेरी हवी. उंची कमी असेल तर वर चामड्याची पट्टी जोडता येते, पण जोड गुडघ्याच्या घडीत येऊ देऊ नका.

जुने बूट घेताना चमक बघू नका, तळवा वाकवून बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या बुटांचे पीयूचे तळवे दमट हवेत कुजतात आणि पहिल्याच स्वारीत भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटतात.

माळेगाव किंवा सारंगखेड्याच्या आधी बूट हातात हवे असतील तर माप दिवाळीपूर्वी पाठवा. आल्यावर पहिले काही दिवस घरातच, जिने चढत-उतरत घाला. गुडघ्यामागे टोचत असेल तर टाचेखाली पातळ पॅड ठेवा आणि नळी खाली बसली की काढून टाका. बूट सवयीचे झाले की आधी उभ्या घोड्यावर बसून दोन्ही पाय रिकिबीतून झटक्यात काढून बघा. लगाम कुणाला तरी धरायला सांगा.