पिकले पान की करपलेले पान?

बेळगावात शहापूरच्या बाजूला माझ्या आत्याचे घर आहे. घरामागे लहानसे परस असून त्यात ती ऋतूप्रमाणे भाजी लावते. घरापुरती ठेवून उरलेली भाजी आळीतल्या बायका घेऊन जातात. त्या पैशांतून तिचा औषधपाण्याचा आणि सणावाराचा खर्च निघतो. कोणापुढे हात पसरायचा नाही, हा तिचा बाणा त्या परसाच्या जिवावरच टिकून आहे.

काही वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर तिने टोमॅटोची 40 रोपे लावली. दसऱ्याला मी गेलो तेव्हा झाडे हिरव्या फळांनी वाकली होती. बुडाशी मात्र पाच-सहा पाने पिवळी पडलेली दिसली.

“आत्या, ही पाने अशी का गं?”

“अरे, पिकलं पान गळायचंच. त्याचं काय एवढं!” ती सहज म्हणाली.

मला मात्र आपले शहाणपण दाखवण्याची हौस. झाडांना पाणी कमी पडते आहे, असा निर्णय देऊन मी रोज संध्याकाळी नळीने झाडांना वरून न्हाऊ घालू लागलो. परतीच्या पावसाच्या दोन-चार सरीही त्यात पडल्या. दिवाळीपर्यंत निम्म्याहून अधिक पाला गळाला. सावली गेल्यामुळे फळांच्या उन्हाकडील अंगावर पांढरे, कागदासारखे चट्टे पडले. आळीतल्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेल्या. आत्या मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

पुढे शेतीशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांना मी तसलेच एक पान दाखवले. त्यांनी ते उजेडासमोर धरले आणि म्हणाले, “ही वलये पाहा. रोगाने आपली सहीच केली आहे!”

त्या रोगाला आपल्याकडे ‘लवकर येणारा करपा’ म्हणतात. तो ‘अल्टरनेरिया’ जातीच्या बुरशीमुळे होतो. 1882 साली अमेरिकेत बटाट्याच्या सुकत चाललेल्या पानांवर या बुरशीचे प्रथम शास्त्रीय वर्णन झाले. टोमॅटो, बटाटा आणि वांगे ही एकाच कुळातली भावंडे असल्याने तिघांनाही तिचा उपद्रव होतो. रोगाचे नाव मात्र फसवे आहे. ‘लवकर’ हा शब्द दुसऱ्या, ‘उशिरा येणाऱ्या’ करप्याच्या तुलनेने आला आहे. प्रत्यक्षात हा रोग बहुधा झाड फळांनी लदले, खालची पाने जून झाली, म्हणजे जोर धरतो. म्हणूनच ‘पिकले पान’ समजून आपण त्याकडे काणाडोळा करतो.

तेव्हा पिकलेले पान आणि करपलेले पान यांतला भेद कसा ओळखावा? वयाने पिकलेले पान सगळीकडून सारखे पिवळे होते. त्यावर डाग नसतात. करप्याच्या पानावर आधी मोहरीएवढे काळपट तपकिरी ठिपके दिसतात. ते वाढत जाऊन हरभऱ्याच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही मोठे होतात. पाण्यात खडा टाकल्यावर एकात एक लाटा उठाव्यात तशी गोल वलये त्या ठिपक्यांत उमटतात, आणि भोवतीचा भाग पिवळा पडतो. पुढे पान सुकते, लोंबते आणि गळते. हे सारे जमिनीलगतच्या पानांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढते. खोडावर लांबट, किंचित खोलगट काळे डाग येतात. फळावर देठाजवळ काळा, चामड्यासारखा खळगा पडतो व त्यातही वलये दिसतात. कोवळ्या रोपाला लागण झाली तर मातीलगतचे खोड काळे पडून रोप कोलमडते.

पानावरचा प्रत्येक डाग मात्र या करप्याचा नसतो. उशिरा येणाऱ्या करप्यात पानावर मोठे, पाणी शोषल्यासारखे, वलये नसलेले चट्टे येतात. दमट सकाळी पानाच्या पाठीमागे पांढरी बुरशी दिसते, आणि थंड, पावसाळी हवेत थोड्याच दिवसांत अख्खे झाड काळे पडते. 1845 सालापासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून भीषण दुष्काळ आणणारा रोग तोच. बारीक, करड्या मध्याचे आणि त्यात सुईच्या टोकाएवढे काळे कण असलेले पुष्कळ ठिपके दिसले, तर तो ‘सेप्टोरिया’चा पानठिपका समजावा. शिरा हिरव्या राहून मधला भाग तेवढा पिवळा पडला असेल, तर तो रोग नसून मॅग्नेशियमसारख्या अन्नद्रव्याचा अभाव असण्याचा संभव अधिक.

माझी चूक कोठे झाली, तेही आता सांगतो. ही बुरशी मागच्या पिकाच्या पालापाचोळ्यात आणि मातीत दडून राहते. पावसाच्या किंवा पाण्याच्या थेंबाबरोबर माती उडाली, की बुरशीचे बीजाणू खालच्या पानांवर चढतात. वाराही त्यांना वाहून नेतो. पान काही तास ओले राहिले आणि हवा 24 ते 29 अंश सेल्सियसच्या आसपास असली, की ते रुजतात. पाच-सात दिवसांत नवे ठिपके उमटतात व त्यांतून पुन्हा बीजाणू सुटतात. मी रोज संध्याकाळी पाने भिजवून रात्रभर ओली ठेवत होतो. झाडांची तहान भागवत असल्याच्या समजुतीत मी त्या बुरशीचेच आदरातिथ्य करीत होतो!

उपाय साधे आहेत. पाणी सकाळी आणि आळ्यातच द्यावे. बुडाशी भाताचा पेंढा अंथरावा, म्हणजे माती उडत नाही. झाडांना काठीचा आधार द्यावा व दोन झाडांत वारा खेळेल एवढी जागा ठेवावी. वलयांची पाने दिसताच, झाड कोरडे असताना ती खुडावीत. ती खतखड्ड्यात टाकू नयेत, खोल पुरावीत. नंतर हातही धुवावेत. त्याच वाफ्यात दोन-तीन वर्षे टोमॅटो, बटाटा किंवा वांगे लावू नये. रोगट झाडाचे बी धरू नये. रोग वाढू लागलाच, तर ताम्रयुक्त औषध किंवा मॅन्कोझेब फवारता येते. प्रमाण किती व फवारणीनंतर फळे किती दिवस तोडू नयेत, हे पुडीवरील सूचनेप्रमाणेच पाळावे. औषध निरोगी पानांचे रक्षण करते. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. म्हणूनच वेळेवर ओळखण्याला महत्त्व आहे. बेंगळुरूजवळच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण या करप्याला दाद देत नाही. नवी लागवड करताना त्याचा अवश्य विचार करावा.

पुढच्या वर्षी आत्याने वाफा बदलला, पेंढा अंथरला. मी गेलो तेव्हा ती सकाळच्या उन्हात वाकून बुडाचे एकेक पान उलटून पाहत होती. चार पाने तिने खुडली आणि एक माझ्या हातावर ठेवले.

“हे पिकलेलं नाही, करपलेलं आहे. बघ, वलयं आहेत की नाही?”

वलये होती. त्या दिवाळीला आळीतल्या बायकांच्या पिशव्या रिकाम्या गेल्या नाहीत.

आपल्या परसात किंवा गच्चीवरच्या कुंडीत टोमॅटो असेल, तर उद्या सकाळी फळांकडे पाहण्याआधी सर्वांत खालचे पान उजेडासमोर धरून पाहा.