वडिलांना कोणी विचारले?

अतिदक्षता विभागाबाहेर एक बाक असतो. रात्री अडीच वाजता त्या बाकावरून थोरल्या मुलाला आत बोलावण्यात येते, छापील कागद पुढे केला जातो आणि विचारणा होते, 'वडिलांना व्हेंटिलेटरवर ठेवायचे ना?' मुलगा सही करतो. 'नको' म्हणण्याची त्याची छाती होत नाही. पैसा वाचविण्यासाठी बापाला सोडले, असे उद्या भाऊबंद म्हणाले तर? वडिलांना स्वतःला काय हवे होते, हे त्याला ठाऊक नसते. कारण सहा महिन्यांपूर्वी कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा 'बाबांना काही सांगू नका' असे डॉक्टरांना त्यानेच बजावलेले असते.

या मौनाला आपण प्रेम म्हणतो. प्रेम त्यात असतेही. पण गुंठाभर जमिनीच्या वाटणीसाठी ज्याची सही अगत्याने घेतली जाते, तोच गृहस्थ स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र अज्ञान बालक ठरतो. शिवाय कर्करोगाच्या इस्पितळाची पाटी ज्याला वाचता येते, त्याच्यापासून आपण नेमके काय लपवीत असतो?

कायदा या बाबतीत घराच्या पुढे गेला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात अंतर्भूत असल्याचा निर्वाळा दिला. बरे होण्याची आशा उरली नसता कोणते उपचार नकोत, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवण्याची मुभा सज्ञान व्यक्तीला मिळाली. त्या कागदावर तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागते. पुढे प्रसंग आलाच, तर डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात. एकट्या मुलाच्या शब्दावर कोणाचे यंत्र बंद होत नाही.

तरीही मनात एक शल्य राहते: उपचार थांबविणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे नव्हे काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली अमानुष हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. त्यांच्यासाठी दयामरण मागणारी याचिका न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, आणि त्याच निकालात काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचे दार किलकिले केले. वाद पुष्कळ झाला. त्या गदारोळात १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, भरविणाऱ्या परिचारिकांची शुश्रूषा ही स्वतंत्रपणे शिकण्याजोगी विद्या आहे, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. यंत्र काढले तरी ही शुश्रूषा काढावयाची नसते. वेदना, धाप आणि भीती यांवरचा इलाज तर अधिक नेटाने करावयाचा असतो. उपशामक सेवा म्हणतात ती हीच. ती अखेरच्या रात्रीची नव्हे, निदानाच्या दिवसापासूनची गोष्ट आहे. मुंबईत वांद्र्याला 'शांती अवेदना सदन' १९८६ सालीच उभे राहिले, पण असल्या संस्था आजही हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

याला एक लाजिरवाणे कारणही आहे. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, त्यापासून मॉर्फिन बनते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक शिक्षांच्या धाकाने रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी ते ठेवण्याचेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ सैल झाले. धाक सैल व्हावयाला वेळ लागतो. ज्या गावात मॉर्फिनची गोळी मिळत नाही, तेथे 'व्हेंटिलेटर नको' असे कोणी कशाच्या भरवशावर लिहावे?

लिहिलेले इच्छापत्र सांभाळावयाला स्थानिक संस्थेत अधिकारी असावा, असेही न्यायालयाचे म्हणणे आहे. महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमले जाण्यास २०२४ साल उजाडले, आणि त्यासाठीही उच्च न्यायालयात याचिका करावी लागली. आपल्या पालिकेत हा अधिकारी कोण, हे वाचकांनी एकदा विचारून पाहावे. आणि पालिकेतच नोकरीला असलेल्या वाचकांनी ते आधी शोधून ठेवावे.