घराला कठडा, कारखान्याला कायदा

जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. तो नसल्यामुळे कोणी खाली पडला तर रक्तपाताचा दोष त्या घरास लागेल. पडणारा बेसावध होता काय, ही चौकशी शास्त्र करीत नाही. घर ज्याचे, कठड्याचे कर्तव्य त्याचे, एवढेच ते सांगते.

आमच्या गावांतून रोज सकाळी कितीतरी तरुण डबा घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्यांत व वर्कशॉपांत कामास जातात. कित्येक गोव्यातील कारखान्यांत आहेत. सायंकाळी ते सुखरूप परत येईपर्यंत घरच्या माउलीचे चित्त रोझरीच्या मण्यांत असते तितकेच वाटेकडेही असते. त्यांच्या जिवाशी संबंध असलेला कायदा आता बदलला आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा 1881 साली झाला. रविवारची सुटी गिरणीकामगारांस मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, 1890 च्या जून महिन्यात. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाना कायदा आला. पुढे 1984 च्या डिसेंबरात भोपाळच्या विषारी वायूने एका रात्रीत हजारो संसार उद्ध्वस्त केले, तेव्हा 1987 साली या कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या सुरक्षेचा व आरोग्याचा भार स्पष्ट शब्दांत मालकावर टाकण्यात आला. कायद्याचे प्रत्येक पाऊल असे कोणाच्या तरी अश्रूंनंतर पडले आहे.

संसदेने 2020 साली तेरा जुने कायदे एकत्र करून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यानुसार कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य होय. प्रत्येक कामगारास नेमणुकीचे पत्र दिले पाहिजे. चाळीस वर्षांवरील कामगारांची दरवर्षी विनामूल्य वैद्यकीय तपासणी व्हावयाची आहे. सुरक्षेच्या साधनांसाठी मजुरीतून एक पैसाही कापता येत नाही. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि त्या दंडाचा निदान अर्धा भाग वारसांस देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विजेवर चालणारा दहा कामगारांचा उद्योग पूर्वी 'कारखाना' गणला जाई. आता त्यासाठी वीस माणसे लागतात. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या जागी मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये कायम आहेत खरी, पण कारखान्यांसाठी असलेले खास नियम लहान वर्कशॉपांस लागू होणार नाहीत. धोक्याच्या प्रक्रियेच्या कारखान्यात पूर्वी माणसे कितीही असोत, सुरक्षा समिती आवश्यक होती. आता सरकारने आदेश दिला तरच ती बंधनकारक आहे. आमच्या मुलांपैकी बरेच जण लहान शेडमध्येच राबतात. त्यांना ही सूट जड जाईल अशी आम्हांस भीती वाटते.

फौंड्रीचेच उदाहरण घ्या. भट्टीचा चटका डोळ्यांस दिसतो, पण साच्याच्या वाळूची बारीक धूळ दिसत नाही. साचा फोडताना व ओतीव काम घासताना ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते. पुष्कळ वर्षांनी दम लागू लागतो. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि त्याच्या मागोमाग क्षय येण्याचे भय असते. नाकास बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. वाळू ओली ठेवणे, धूळ ओढून घेणारे पंखे बसविणे व योग्य मुखवटा देणे हेच खरे उपाय होत. हा रोग आढळल्यास सरकारास कळविणे कायद्याने आवश्यक आहे.

पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या परिपत्रकात कामगाराच्या देहाचा नफ्यासाठी विचार न करता वापर करण्याचा निषेध केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली आरोग्यास अपाय न करणारी कामाची जागा हा कामगाराचा हक्क आहे, असे शिकविले. तेव्हा मुखवटा मागणे हा उद्धटपणा नव्हे.

म्हणून आईबापांनी मुलास पगार किती, एवढेच विचारून थांबू नये. नेमणुकीचे पत्र मिळाले काय? यंत्राच्या पट्ट्यावर जाळी आहे काय? जिवास धोका दिसल्यास मालकास व निरीक्षकास कळविण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, हे त्याला ठाऊक आहे काय? आणि मुलानेही दिलेली साधने आळसाने खुंटीवर टांगून ठेवू नयेत. तेही त्याचे कर्तव्य आहे.

आमच्या वाचकांत चार-सहा माणसे कामास ठेवणारे बंधूही आहेत. कायदा त्यांच्या दारापर्यंत पोहोचत नसेल. परंतु धाब्याच्या कठड्याची आज्ञा घरात माणसे किती, हे मोजीत नाही. 1 मे रोजी कामगार संत योसेफ यांच्या सणाला मिस्सा ऐकून घरी परतताना त्यांनी एकवार आपल्या शेडमध्ये डोकावून पाहावे, आणि जेथे कठडा नाही तेथे तो बांधावा.