'पार्दाव' आणि 'शेराफिम' : जुन्या दप्तरांतील दोन शब्दांचा अर्थ

रायगड जिल्ह्यातील पाली येथे श्रीबल्लाळेश्वराच्या मंदिरात युरोपीय बनावटीची एक मोठी घंटा आहे. १७३९ साली पोर्तुगिजांविरुद्धच्या वसई मोहिमेत विजय मिळाल्यावर चिमाजी अप्पांनी ती येथे दिली, असे परंपरा सांगते. पालीच्या पश्चिमेस समुद्रकाठी चौल-रेवदंडा आणि कोर्लई येथे त्या राजवटीचे कोट उभे आहेत. कोर्लईच्या ख्रिस्ती बांधवांच्या बोलीत तर पोर्तुगीज भाषेचा वारसा आजही टिकून आहे. मात्र त्या काळातील पैशाचे शब्द व्यवहारातून पूर्णपणे गेले. जुन्या दानपत्रांत किंवा खंडाच्या नोंदींत 'पार्दाव' आणि 'शेराफिम' हे शब्द आढळले की वाचक त्यांना सरसकट 'रुपये' समजतात. हा समज बरोबर नाही. म्हणून या शब्दांची थोडी ओळख करून देणे आम्हांस आवश्यक वाटते.

'पार्दाव' हा शब्द ऐकण्यास पोर्तुगीज वाटला, तरी त्याचे मूळ आपल्याच भूमीत आहे. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या नावाबरोबर 'प्रताप' हे बिरुद कोरलेले असे. त्या 'प्रताप'चा पोर्तुगीज उच्चार 'पार्दाव' झाला. गोव्यातील आसगावचे सुपुत्र, धर्मगुरू व भाषापंडित मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१९ व १९२१ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात अशा शेकडो शब्दांचा मागोवा घेतला आहे. 'शेराफिम' हे अरबी 'अश्रफी'चे रूप होय, तर 'तांगा' हा शब्द आपल्या 'टंक' व 'टका' यांचा सोयरा आहे.

सोळाव्या शतकात पार्दाव दोन प्रकारचा होता. सोन्याचा पार्दाव ३६० रैसांचा, म्हणजे सहा तांग्यांचा. चांदीचा 'पार्दाव शेराफिम' ३०० रैसांचा, म्हणजे पाच तांग्यांचा. रैस हे हिशेबाचे सर्वांत लहान परिमाण होते. एखाद्या कागदात नुसते 'शंभर पार्दाव' असे लिहिलेले असेल, तर ती रक्कम ३६,००० रैसही असू शकते आणि ३०,००० रैसही. नाणे सोन्याचे की चांदीचे, हे पाहिल्याविना अर्थ लागत नाही.

ही नाणी केवळ व्यापाराची नव्हती, त्यांवर श्रद्धेचाही ठसा होता. गोव्याच्या टांकसाळीतील सोन्याच्या एका नाण्यावर संत तोमाची आकृती असे. त्या नाण्यास 'सांव तोमे' म्हणत. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन चांदीच्या शेराफिमवरील संत सेबास्तियनचे व त्याच्या बाणांचे वर्णन करतो.

या शब्दांचा वापर आपल्या किनाऱ्यावर दूरवर होता. पोर्तुगीज अमलात मुंबई बेट मेस्त्रे दियोगो यांना वार्षिक १,४३२½ पार्दाव खंडाने दिल्याची नोंद आहे. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली, तरी १६७२ साली गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर यांनी तेथील जमीनधारकांशी करार केला, तो वार्षिक २०,००० शेराफिमांचाच. राज्य बदलले, पण हिशेबाचा शब्द टिकला.

गोव्यात १८७१ पूर्वी दोन शेराफिम मिळून एक रुपया, म्हणजे दहा तांगे होत. त्या वर्षीच्या सुधारणेनंतर रुपयाचे सोळा तांगे झाले. १९५८ साली रुपयाच्या जागी एस्कुदो आला आणि १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तोही गेला. तेव्हा 'तांगा' हा शब्द वाचतानाही कागदाचे साल पाहणे अगत्याचे आहे.

संत मार्कने विधवेच्या दानाची कथा सांगताना तिच्या दोन लहान नाण्यांचे मोल रोमन नाण्यात समजावून दिले आहे. मूळ नाणे त्याने वगळले नाही, आणि वाचकाला अंधारातही ठेवले नाही. आपल्या पूर्वजांचे जुने कागद मराठीत आणताना आपणही हीच रीत पाळावी : मूळ शब्द तसाच ठेवावा, साल लिहावे आणि शेजारी त्याचे मोल द्यावे. पूर्वजांनी ख्रिस्तसभेला जे दिले, ते त्यांनी दिले तेवढेच, कमी नव्हे की अधिक नव्हे, पुढील पिढीस कळले पाहिजे.