आतड्याच्या टोकाशी न पोहोचलेल्या चेतापेशी

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या पचनमार्गाच्या भित्तीत, स्नायूंच्या थरांच्या अधेमधे, कोट्यवधी चेतापेशींचे जाळे पसरलेले असते आणि गिळलेले अन्न कोठे थांबवायचे, कोठे घुसळायचे व केव्हा पुढे ढकलायचे याचा बराचसा कारभार हे जाळे मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता चालवते. अन्नाच्या मागचा स्नायू आवळला जातो आणि पुढचा सैल होतो, अशा रीतीने पुढे सरकत जाणाऱ्या या हालचालीला क्रमसंकोच म्हणतात. तो बिघडल्यामुळे होणाऱ्या आजारांना पचनमार्गाचे गतिविकार असे नाव आहे. अन्ननलिकेचे खालचे द्वार न उघडणे किंवा जठर वेळेवर रिकामे न होणे हेही गतिविकारच होत. मात्र लहान मुलांत सर्वाधिक तक्रारी मोठ्या आतड्याच्या आणि त्याच्या शेवटच्या भागाच्या, म्हणजे गुदाशयाच्या असतात.

या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास त्यांच्या पूर्वजपेशी पाठीच्या बाजूच्या ऊतीतून निघून पचनमार्गात शिरतात आणि वरून खाली सरकत बाराव्या आठवड्यापर्यंत गुदाशयाशी पोहोचतात. काही गर्भांत हा प्रवास अर्ध्यावर थांबतो व त्यापुढचे आतडे चेतापेशींविनाच वाढते. यालाच हिर्शस्प्रुंग विकार म्हणतात. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, मुलग्यांत त्याचे प्रमाण मुलींच्या चौपट असते आणि दहापैकी आठ बाळांत दोष गुदाशय व त्याला लागून असलेल्या वळणदार भागापुरताच असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत तो अधिक दिसतो.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिन येथे दोन अर्भकांच्या मृत्यूची हकिकत मांडली. दोघांचेही मोठे आतडे प्रचंड फुगलेले असल्याने आजार त्या फुगलेल्या भागातच आहे अशी समजूत झाली आणि पुढे कित्येक दशके शल्यचिकित्सक तोच भाग कापून टाकत राहिले, तरी दुखणे परतून येत राहिले. वास्तविक फुगलेला भाग निरोगी होता. त्याच्या पुढचा, दिसायला साधारण पण सैल होऊ न शकणारा तुकडा वाट अडवून बसल्यामुळे तो मागे ताणला जात होता. दोष या पुढच्या तुकड्यात आहे असे ओळखून ओर्वार स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी बोस्टनमध्ये तो काढून टाकण्याची व निरोगी आतडे गुदद्वारापर्यंत ओढून जोडण्याची शस्त्रक्रिया 1948 मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या सर्व पद्धतींचा पाया तोच आहे. अनेक बाळांत ती आता पोटावर छेद न देता गुदद्वाराच्या मार्गानेही करता येते.

निदान मात्र आजही लांबते, कारण बाहेरून दिसणारे लक्षण साधे बद्धकोष्ठच असते. दीर्घकाळ बद्धकोष्ठ असलेल्या मुलांपैकी फार मोठ्या बहुसंख्येत शरीररचनेचा कोणताही दोष नसतो. एखाद्या वेळी कडक शी होताना दुखते, मूल धास्तावून ती रोखून धरते, साचलेला मल आणखी कडक होतो, गुदाशय ताणला जाऊन त्याची जाणीव बोथट होते आणि पातळ मल कडेने झिरपून चड्डी खराब होऊ लागते. घरची माणसे याला जुलाब किंवा आळस समजून मुलाला रागावतात. हे रागावणे अन्यायाचे आहे, कारण त्या झिरपण्यावर मुलाचा ताबाच नसतो.

दोन्हींतला फरक शोधण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक प्रश्न: जन्मानंतर बाळाला पहिली, काळपट-हिरवी चिकट शी केव्हा झाली? पूर्ण दिवसांच्या बहुतेक निरोगी बाळांना ती चोवीस तासांत होते. अठ्ठेचाळीस तास उलटले, त्यात पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर तपासणी टाळता येत नाही. गुदाशयात लहानसा फुगा फुगवून आतली झडप सैल होते की नाही हे दाबमापनाने पाहतात. रोखून धरण्याच्या सवयीत ती सैल होते, हिर्शस्प्रुंग विकारात होत नाही. क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य आतड्यात सोडून काढलेले चित्र उपयोगी असले तरी पहिल्या आठवड्यांत ते फसवू शकते. अंतिम निर्णय गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होतो, आणि त्या भागाला वेदना जाणवत नसल्याने अर्भकात तो बहुधा भूल न देता घेता येतो.

साध्या बद्धकोष्ठात आधी साचलेला मल औषधाने मोकळा करून नंतर पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे, आतड्यात पाणी धरून ठेवणारे औषध निदान दोन महिने द्यावे लागते आणि तक्रार थांबल्यावरही महिनाभर चालू ठेवून मगच हळूहळू कमी करावे लागते. शी चार दिवस नीट झाली म्हणून औषध बंद करणे हे बद्धकोष्ठ उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. जेवणानंतर आतडे आपोआप हलते, म्हणून त्या वेळी पाय टेकवून पाच-दहा मिनिटे शांत बसवण्याचाही उपयोग होतो.

तान्ह्या बाळाला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची वडी लावून शी करवण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक घरांत अजून आहे. हिर्शस्प्रुंग विकारातही अशा उत्तेजनाने वायू व मल भसकन बाहेर येतो, पोट उतरते आणि निदान महिनोन्‌महिने पुढे जाते. दरम्यान ताप, फुगलेले पोट आणि दुर्गंधीयुक्त जुलाब घेऊन येणारा आतड्याचा दाह बाळाचा जीव घेऊ शकतो. तो शस्त्रक्रियेनंतरही उद्भवू शकतो. म्हणून प्रसूतिगृहातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर बाळाच्या वजनाबरोबर पहिल्या शीची वेळही लिहून घ्यावी, आणि ती वेळ दोन दिवसांपुढची असेल तर देठ न शोधता बालशल्यचिकित्सक गाठावा.